एडी विल्यानुएवा यांची मंडळी मोठी होती, मग मते कुठे गेली?

विचारलेला प्रश्न असा आहे. फिलिपिन्समधील ‘जीझस इज लॉर्ड’ या मंडळीचे (म्हणजे चर्चचे) संस्थापक एडी विल्यानुएवा तरुणपणी डाव्या विचारांचे आणि निरीश्वरवादी होते, मग ते धर्मोपदेशक कसे झाले? आणि लाखो अनुयायी असल्याचे सांगितले जात असतानाही राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन्ही निवडणुकांत त्यांना इतकी कमी मते का मिळाली? आग्नेय आशियातील धर्म आणि निवडणुका हा माझ्या अभ्यासाचा आणि अध्यापनाचा विषय असल्यामुळे विल्यानुएवा यांच्याविषयी मला वर्गात नेहमी बोलावे लागते, आणि दर वेळी मला हेच जाणवते की प्रश्नाचे हे दोन भाग एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. ज्या वाटेने ते धर्माकडे आले, त्याच वाटेत त्यांच्या राजकीय यशापयशाचे कारण दडलेले आहे. दुसऱ्या भागात ‘इतकी कमी मते’ हे गृहीत धरलेले आहे. ते मला पूर्णपणे मान्य नाही, आणि त्याची कारणे पुढे आकड्यांनिशी देत आहे.

एदुआर्दो क्रूझ विल्यानुएवा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९४६ रोजी मनिलाच्या उत्तरेकडील बुलाकान प्रांतातल्या बोकावे या गावी झाला. अनुयायी त्यांना ‘ब्रदर एडी’ म्हणतात. बोकावे हे फटाक्यांच्या व्यवसायासाठी देशभर प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथील नदीत सापडल्याचे मानल्या जाणाऱ्या पवित्र क्रुसाचा जलोत्सव जुलैमध्ये भरतो आणि सजवलेल्या मोठ्या तराफ्यावरून क्रूस मिरवला जातो. २ जुलै १९९३ रोजी हाच तराफा गर्दीच्या भाराने बुडाला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. या उत्सवाचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण आपल्याकडे ‘ख्रिस्ती देशातला ख्रिस्ती नेता’ असे म्हटले की सगळे एकाच रंगाचे असल्याचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. फिलिपिन्सच्या २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतील ७८.८ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत. संत, मिरवणुका, नवस आणि जत्रा यांनी तेथील गावजीवन व्यापलेले आहे. विल्यानुएवा ज्या इव्हँजेलिकल परंपरेत पुढे आले, तिच्यात मूर्ती नाहीत, संतांची आराधना नाही. बायबलचे वाचन, व्यक्तिगत पश्चात्ताप आणि नवजन्माचा अनुभव यांना तिथे सर्वाधिक महत्त्व आहे. अशा देशात ते जन्मभर अल्पसंख्याकांचे पुढारी राहिले, हे विसरून त्यांच्या मतांचा हिशोब मांडता येत नाही.

ही परंपरा तेथे कशी रुजली, ते थोडक्यात सांगतो. १८९८ मध्ये स्पेनची सत्ता संपून अमेरिकेची आली आणि तिच्यामागोमाग प्रोटेस्टंट मिशनरी आले. आपसात स्पर्धा नको म्हणून १९०१ मध्ये त्यांनी प्रदेश वाटून घेतले, आणि मनिलाच्या उत्तरेकडचा सखल लुझोन, म्हणजे बुलाकानसह बराच भाग, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या वाट्याला आला. मात्र मिशनऱ्यांच्या हाताखाली राहण्याची फिलिपिनो पाळकांची तयारी फार काळ टिकली नाही. निकोलास झामोरा या पहिल्या फिलिपिनो पाळकांपैकी एकाने १९०९ मध्ये स्वतंत्र मेथडिस्ट मंडळी काढली, तर १९१४ मध्ये फेलिक्स मानालो यांनी ‘इग्लेसिया नी क्रिस्तो’ ही अगदी वेगळ्या शिकवणीची संस्था नोंदवली. तेव्हा बाहेरच्या संस्थेच्या पैशांवर न चालणारी देशी मंडळी काढणे हा विल्यानुएवा यांचा नवा शोध नव्हता. त्यांच्या आधी सत्तर वर्षांची परंपरा होती.

आता त्यांच्या तरुणपणाकडे वळू. त्यांनी मनिलातील फिलिपिन कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले. हे महाविद्यालय श्रीमंतांच्या मुलांचे नव्हते. कमी शुल्कात शिकणारी कारकुनांची, छोट्या दुकानदारांची आणि शेतकऱ्यांची मुले तेथे येत. नेमेसियो प्रुदेन्ते यांच्यासारखे राष्ट्रवादी विचारांचे अध्यक्ष लाभल्याने साठीच्या दशकाच्या अखेरीस हे ठिकाण राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या विरोधातील विद्यार्थी चळवळीचे मोठे केंद्र बनले होते. १९७० च्या पहिल्या तीन महिन्यांत मनिलाच्या रस्त्यांवर जी विद्यार्थी आंदोलने उसळली, त्यांत या महाविद्यालयाची मुले आघाडीवर होती. सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि एका झटक्यात सगळे बंद पडले: सभा, वृत्तपत्रे, संघटना. काही जण तुरुंगात गेले, काही डोंगरात गेले, आणि फार मोठ्या संख्येने तरुण घरी बसले. विल्यानुएवा यांचे धर्मांतर १९७३ मधले आहे, हे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

त्यांची स्वतःची साक्ष, म्हणजे इव्हँजेलिकल मंडळ्यांमध्ये प्रत्येक श्रद्धावंत आपल्या बदलाची जी हकिगत सांगतो ती, अशी आहे की देव न मानणाऱ्या, क्रांतीवर विश्वास असणाऱ्या माणसाला येशूने गाठले आणि आतून बदलले. या अनुभवाबद्दल शंका घेण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. मी एवढेच म्हणेन की, त्यांनी विचारसरणी सोडली, पण प्रश्न सोडले नाहीत. गरिबी का आहे, सत्ताधारी लुबाडतात कसे, सामान्य माणूस गप्प का बसतो, हे डाव्या चळवळीचे प्रश्न त्यांच्या प्रवचनांत तसेच राहिले. बदलले ते निदान. आधी दोष व्यवस्थेचा होता, आता दोष पापाचा झाला. आणि पाप म्हणजे केवळ दारू किंवा जुगार नसून सरकारी तिजोरीवर मारलेला डल्ला हेही पापच, असे ते सांगू लागले. त्या काळच्या बहुतेक फिलिपिनो इव्हँजेलिकल पाळकांनी राजकारणाला मलिन समजून चार हात दूर ठेवले होते. विल्यानुएवा यांनी मात्र पहिल्यापासूनच देव आणि देश हे दोन शब्द एका दमात उच्चारले, आणि याच गोष्टीमुळे ते आपल्या समकालीनांहून वेगळे ठरतात.

१९७८ मध्ये, त्यांच्या जुन्या महाविद्यालयाचे पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स असे विद्यापीठ झाले, त्याच वर्षी, तेथे अर्थशास्त्र आणि वित्त शिकवणाऱ्या विल्यानुएवा यांनी पंधरा विद्यार्थ्यांचा बायबल-अभ्यास गट सुरू केला. ‘जीझस इज लॉर्ड’ मंडळीची सुरुवात ती हीच. लष्करी कायद्याच्या काळात राजकीय बैठक घेणे धोक्याचे होते, प्रार्थनेची बैठक तुलनेने सुरक्षित होती. एकेकाळी अभ्यासवर्ग चालवून कार्यकर्ते घडवण्याची जी रीत डाव्या विद्यार्थी संघटनांत होती, तिचा आणि या छोट्या गटांच्या बांधणीचा साचा मला बराच सारखा दिसतो: थोडे लोक, नियमित वाचन, एकमेकांना नावाने ओळखणे, आणि तयार झालेल्या प्रत्येकाने आपला स्वतंत्र गट काढणे.

मंडळी वाढली ती कोणत्या लोकांत, याला फार महत्त्व आहे. पीटर तान-ची यांनी १९८४ मध्ये मनिलात सुरू केलेल्या ख्राइस्ट्स कमिशन फेलोशिपसारख्या मंडळ्यांकडे इंग्रजी बोलणारा, नोकरी-व्यवसायात स्थिरावलेला वर्ग वळला. विल्यानुएवा टागालोग या देशी भाषेत बोलत, आणि त्यांच्यासमोर बसत ते कामगार, फेरीवाले, शिक्षिका, घरकाम करणाऱ्या बाया आणि परदेशी नोकरीच्या प्रतीक्षेत असलेले तरुण. उपासना मोठ्या आवाजात, वाद्यांच्या साथीने आणि हात उंचावून होई. आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली जाई. पवित्र आत्म्याच्या दानांवर भर असे. महाराष्ट्रातील वाचकाला हे पूर्णपणे परके वाटण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात १९०५ मध्ये झालेली जागृती याच प्रकारची होती, आणि जगभरातील पेन्टेकोस्टल चळवळीच्या इतिहासात तिला आरंभीच्या घटनांमध्ये मानाचे स्थान दिले जाते.

फिलिपिन्सने १९७४ च्या कामगार कायद्यानंतर मनुष्यबळ परदेशी पाठवण्याचे धोरण पद्धतशीरपणे राबवले आणि लाखो लोक आखाती देशांत, हाँगकाँगमध्ये, इटलीत कामाला गेले. ‘जीझस इज लॉर्ड’ त्यांच्या मागोमाग गेली. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रियांना रविवारची सुट्टी असते आणि त्या दिवशी शहराच्या मध्यवर्ती भागातले पादचारी पूल, चौक आणि पदपथ त्यांनी भरून जातात. पुठ्ठ्याचे तुकडे अंथरून त्या बसतात, डबे उघडतात, घरी व्हिडिओ फोन लावतात. आठवडाभर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला भाड्याच्या सभागृहातल्या दोन तासांच्या उपासनेत गायला मिळते, कुणी तिचे नाव घेऊन प्रार्थना करते, आणि तिच्या आजारी आईसाठी सगळी मंडळी उभी राहते. हे ज्याने जवळून पाहिले आहे, तो या मंडळीला केवळ एका पुढाऱ्याचा गोतावळा म्हणणार नाही. मात्र निवडणुकीच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घ्यावी: परदेशातील नागरिकांना मतदानाचा हक्कच मुळी २००३ च्या कायद्याने मिळाला, आणि नोंदणी करून प्रत्यक्ष मत देणाऱ्यांची संख्या कमीच राहिली. म्हणजे मंडळीचा एक उत्साही भाग मतपेटीपासून दूर होता.

संस्था उभारण्यात विल्यानुएवा यांचा हात फार चांगला आहे. बोकावेमध्ये १९८३ मध्ये शिक्षणसंस्था सुरू झाली. निरनिराळ्या करिश्मावादी (म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) आणि पेन्टेकोस्टल मंडळ्यांना एकत्र बांधणारी ‘फिलिपिन्स फॉर जीझस मूव्हमेंट’ त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. १९९८ मध्ये झोई ब्रॉडकास्टिंग नेटवर्कच्या रूपाने त्यांच्याकडे मनिलातील अकरा क्रमांकाची दूरचित्रवाणी वाहिनी आली. या वाहिनीचा पुढचा इतिहास बोलका आहे. २००५ पासून ती जीएमए या बड्या कंपनीला चालवायला दिली गेली. पुढे जुलै २०२० मध्ये एबीएस-सीबीएन या देशातील सर्वांत मोठ्या प्रसारण कंपनीचा परवाना तेथील काँग्रेसने, म्हणजे संसदेने, नाकारल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिचे कार्यक्रम याच अकराव्या वाहिनीवरून दिसू लागले. एका पाळकाच्या मालकीची छोटी वाहिनी देशातील मोठ्या माध्यमसंस्थेला आसरा देते, ही गोष्ट संस्थात्मक दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

राजकारणात त्यांचा प्रवेश आधी समर्थक म्हणून झाला. १९९२ मध्ये फिदेल रामोस निवडून आले आणि फिलिपिन्सला पहिला प्रोटेस्टंट राष्ट्राध्यक्ष मिळाला. रामोस यांना अवघी २३.६ टक्के मते होती. तेथे राष्ट्राध्यक्षपदासाठी दुसरी फेरी नसते. ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. बहुरंगी लढतीत चतुर्थांशाहूनही कमी मतांवर देशाचे सर्वोच्च पद मिळू शकते, हा धडा अनेकांनी त्या निवडणुकीतून घेतला. विल्यानुएवा यांच्या २००४ मधील उमेदवारीमागेही हे गणित असावे, असे माझे अनुमान आहे. जानेवारी २००१ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा विल्यानुएवा यांचे अनुयायीही त्यात होते, आणि रस्त्यावरची ती गर्दी सत्ता पालटू शकते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

१० मे २००४ च्या निवडणुकीत ते ‘बांगोन पिलिपिनास’, म्हणजे ‘ऊठ फिलिपिन्स’, या झेंड्याखाली उभे राहिले. भ्रष्टाचार हा एकमेव मुद्दा होता म्हटले तरी चालेल. मनिलाच्या लुनेता मैदानावर त्यांच्या सभांना लोटलेला जनसमुदाय पाहून समर्थकांना विजय हाताशी आल्यासारखा वाटला. निकाल असा लागला: ग्लोरिया मकापागाल-आरोयो १,२९,०५,८०८ मते, चित्रपट अभिनेते फर्नांडो पो ज्युनियर १,१७,८२,२३२, पानफिलो लाक्सोन ३५ लाख, राऊल रोको सुमारे २०.८ लाख, आणि पाच जणांत शेवटचे विल्यानुएवा, १९,८८,२१८ मते, म्हणजे ६.२ टक्के.

हा आकडा लोक अपयश म्हणून वाचतात, आणि इथेच माझा मतभेद आहे. २००० च्या जनगणनेत इव्हँजेलिकल म्हणून नोंदलेले लोक होते २.८ टक्के. साडेसात कोटींहून अधिक लोकसंख्येत ते साधारण २१ लाख होतात, आणि त्यात तान्ह्या मुलांपासून सगळे आले. मतदानाच्या वयाचे त्यातले फार तर बारा-तेरा लाख धरता येतील. त्या सर्वांनी, अगदी एकूण एक, विल्यानुएवा यांनाच मत दिले असे मानले, तरी उरलेली काही लाख मते बाहेरून, म्हणजे मुख्यतः कॅथलिक मतदारांकडून, आली असली पाहिजेत. त्यातही सर्व इव्हँजेलिकल त्यांच्या बाजूने नव्हतेच. पाळकाने व्यासपीठ सोडून सत्तेच्या शर्यतीत उतरावे का, याबद्दल बॅप्टिस्ट आणि अन्य जुन्या वळणाच्या मंडळ्यांत गंभीर मतभेद होते, आणि अनेकांनी अंतर राखले. एवढे लक्षात घेतले तर ६.२ टक्के ही त्यांच्या पायाच्या मानाने चांगली कामगिरी ठरते. निराशा झाली ती दाव्यांमुळे. सदस्यसंख्या लाखोंनी सांगितली गेली, सभेची गर्दी लाखोंनी सांगितली गेली, आणि मग मतमोजणी त्या दाव्यांशी ताडून पाहिली गेली.

सभेला आलेला माणूस मतदान केंद्रात वेगळा का वागतो, हे समजण्यासाठी २००४ ची मतपत्रिका डोळ्यांसमोर आणावी लागेल. त्या वर्षी मतदान यंत्रे नव्हती. कागदावर पदांची नावे छापलेली आणि पुढे कोऱ्या ओळी. मतदाराने स्वतःच्या हाताने राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, बारा सिनेटर, पक्षयादीतील संघटना, मतदारसंघाचा प्रतिनिधी, गव्हर्नर, उपगव्हर्नर, प्रांतिक मंडळाचे सदस्य, महापौर, उपमहापौर आणि नगरसेवक अशी तीसच्या आसपास नावे लिहायची. इतकी नावे कोणाच्या लक्षात राहणार? त्यामुळे बारांगायचा, म्हणजे वस्तीचा, पुढारी किंवा महापौराचा माणूस आदल्या दिवशी भरलेल्या मतपत्रिकेचा नमुना घरोघर देऊन जातो, आणि त्यात वरची नावे महापौराने ज्याच्याशी संधान बांधले आहे त्याची असतात. मुलाच्या शाळेच्या प्रवेशासाठी, दवाखान्याच्या बिलासाठी, अंत्यविधीच्या खर्चासाठी ज्याच्या दारात जावे लागते, त्याने दिलेला कागद बाजूला ठेवणे सोपे नसते. विल्यानुएवा यांच्याकडे पाळक होते, महापौर नव्हते. मतमोजणीवर नजर ठेवायला दोन लाखांहून अधिक मतदान केंद्रांवर माणसे लागत, तीही कोणत्याही नव्या पक्षाला पुरवता येण्यासारखी नव्हती. मोजणीत गैरप्रकार झाल्याचा आरोप त्यांनी केला. पुढच्या वर्षी आरोयो आणि निवडणूक आयोगातील अधिकारी गार्सिलानो यांच्यातील मतमोजणीबाबतच्या संभाषणाच्या ध्वनिफिती बाहेर आल्या आणि २७ जून २००५ रोजी आरोयो यांनी जाहीर माफी मागितली, त्यामुळे विल्यानुएवा यांच्या संशयाला बळ मिळाले. तथापि त्या गैरप्रकारांचा वाद पहिल्या दोन उमेदवारांमधील ११ लाखांच्या फरकाविषयी होता. पाचव्या क्रमांकाचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

इग्लेसिया नी क्रिस्तोशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होते. ती संस्थाही लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, पण तिच्यात एकमताने मतदान करणे हा श्रद्धेचा भाग मानला जातो आणि संस्थेने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध मत देणे ही शिस्तभंगाची बाब ठरते. म्हणूनच प्रत्येक उमेदवार त्यांच्या दारी जातो. २००४ मध्ये त्यांनी आरोयो यांना पाठिंबा दिला, कॅथलिक करिश्मावादी ‘एल शद्दाय’चे माइक वेलार्दे यांनीही आरोयो यांनाच दिला. इव्हँजेलिकल शिकवणीत असा आदेश देण्याची सोय नाही. प्रत्येकाने स्वतः वचन वाचावे, स्वतः निर्णय घ्यावा आणि देवासमोर स्वतः उत्तर द्यावे, हे ज्या मंडळीचे अधिष्ठान आहे, तिच्या पाळकाला ‘अमुकालाच मत द्या’ हे शेवटपर्यंत विनंती म्हणूनच सांगावे लागते. मला हे त्या परंपरेचे वैगुण्य वाटत नाही. उलट ती आपल्या तत्त्वाशी प्रामाणिक राहिली, म्हणूनच तिची मतपेढी झाली नाही. योगायोग असा की २०१४ मध्ये इग्लेसियाने पंचावन्न हजार आसनांचे जे प्रचंड बंदिस्त क्रीडागृह उभारले, ते बोकावेच्याच हद्दीत आहे.

२०१० मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि मते ११,२५,८७८ वर, म्हणजे ३.१ टक्क्यांवर, आली. कारण सरळ आहे. १ ऑगस्ट २००९ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांचे निधन झाले, देशभर भावनेची लाट उसळली, आणि त्यांचे चिरंजीव बेनिग्नो अकिनो तिसरे भ्रष्टाचारमुक्तीचाच मुद्दा घेऊन उतरले व ४२ टक्के मतांनी निवडून आले. प्रामाणिकपणाची आस असलेल्या कॅथलिक मतदाराला आता आपल्याच धर्माचा, जिंकू शकणारा उमेदवार मिळाला होता. २००४ मध्ये बाहेरून आलेली मते निघून गेली, आणि उरली ती बव्हंशी स्वतःची मंडळी. २०१३ मध्ये सिनेटसाठी त्यांना सुमारे ६९ लाख मते पडली, पण तेथे प्रत्येक मतदाराला बारा मते असतात, त्यामुळे हा आकडा वाढीचे लक्षण मानू नये. त्या वेळीही ते पराभूतच झाले.

आणि मग २०१९ आले. फिलिपिन्सच्या प्रतिनिधिगृहातील वीस टक्के जागा पक्षयादी पद्धतीने भरल्या जातात. मतदार देशभरातून एका संघटनेला मत देतो, दोन टक्के मते मिळाली की एक जागा निश्चित होते आणि कमाल तीन जागा मिळू शकतात. ‘सिबाक’ या भ्रष्टाचारविरोधी संघटनेच्या यादीत विल्यानुएवा पहिल्या क्रमांकावर होते. संघटनेला सुमारे ९ लाख ३० हजार मते पडली आणि दोन जागा मिळाल्या. वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते प्रथमच लोकप्रतिनिधी झाले आणि लगेच उपसभापतीही झाले. २०१० मधली ११ लाख मते आणि २०१९ मधली ९ लाख मते शेजारी ठेवून पाहावीत. राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत जी संख्या नगण्य ठरली, तीच येथे देशात चौथ्या क्रमांकाची यादी ठरली. माझ्या मते २०१० ते २०१९ या काळात त्यांच्या मंडळीची खरी निवडणूक-शक्ती हीच होती, साधारण दहा लाख मते.

येथे एक घटनात्मक प्रश्न येतो, आणि तो हलका नाही. १९८७ च्या राज्यघटनेने पक्षयादीतून ‘धार्मिक क्षेत्रा’ला प्रतिनिधित्व देण्यास स्पष्ट मनाई केली आहे, आणि १९९५ चा पक्षयादी कायदा धर्मपंथांना नोंदणी नाकारतो. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीसाठी निकष घालून दिले तेव्हाही हा मुद्दा ठळक होता. सिबाक ही नोंदणीने धार्मिक संस्था नाही, आणि धर्मगुरूने व्यक्ती म्हणून उमेदवार होण्यास आडकाठी नाही, त्यामुळे कायद्याच्या अक्षरानुसार सारे ठीक आहे. परंतु मतदारांचा मोठा भाग एका मंडळीतून येतो हे उघड असताना घटनाकारांचा हेतू पाळला गेला का, हे विचारणे रास्तच आहे, आणि विल्यानुएवा यांच्याविषयी आदर असलेल्यांनीही तो प्रश्न टाळू नये असे मला वाटते.

सभागृहातील त्यांच्या कामाबद्दल माझे मत संमिश्र आहे. लैंगिक कल आणि लिंगभाव यांवरून होणारा भेदभाव रोखणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१७ मध्ये एकमताने संमत केले होते, पण ते सिनेटमध्ये अडकले. पुढच्या सभागृहात ते पुन्हा आले तेव्हा धर्मस्वातंत्र्याला बाधा येईल या भूमिकेतून विल्यानुएवा यांनी त्याला कडाडून विरोध केला. घटस्फोटाच्या कायद्यालाही त्यांचा विरोध राहिला. त्यांच्या श्रद्धेशी हे सुसंगत आहे. मात्र ज्या माणसाने तीस वर्षे भ्रष्ट राष्ट्राध्यक्षांना समोरासमोर जाब विचारला, त्याची ओळख सत्ताधारी आघाडीतील उपसभापती झाल्यावर प्रामुख्याने कौटुंबिक कायद्यांच्या विरोधाशी जोडली गेली, याचे मला वाईट वाटते. पूर्वीचे विल्यानुएवा कॅथलिक, निधर्मी, डावे अशा सर्वांशी एका व्यासपीठावरून बोलू शकत होते.

शेवटी कुटुंबाबद्दल, कारण मतांचे कोडे तिथे पूर्ण उलगडते. मुलगा जोएल याने २००२ ते २०१० या काळात सिबाकचे प्रतिनिधित्व केले, नंतर तो तंत्रशिक्षण व कौशल्यविकास प्राधिकरणाचा महासंचालक झाला आणि २०१६ मध्ये लिबरल पक्षाच्या उमेदवारीवर १ कोटी ८४ लाखांहून अधिक मते घेऊन सिनेटच्या निवडणुकीत दुसरा आला. त्याने प्रचारात वडिलांची मंडळी पुढे केली नाही; वेल्डिंग, शिवणकाम, स्वयंपाक यांचे प्रशिक्षण घेऊन नोकरीला लागलेल्या तरुणांसमोर तो प्राधिकरणाच्या संक्षिप्त नावावरून घेतलेले ‘तेस्दामॅन’ हे टोपणनाव लावून गेला, आणि त्याच्यामागे सत्ताधारी पक्षाचे गव्हर्नर व महापौर उभे होते. दुसरा मुलगा जॉनजॉन आणि मुलगी जॉनी यांनी बोकावेचे महापौरपद सांभाळले. जॉनी यांचे त्या पदावर असतानाच मे २०२० मध्ये निधन झाले. इग्लेसियात फेलिक्स मानालो यांच्यानंतर १९६३ मध्ये मुलगा आणि २००९ मध्ये नातू प्रमुख झाला, म्हणजे तेथे वारसा व्यासपीठाचा आहे. विल्यानुएवा यांच्या घरात मुलांची सार्वजनिक ओळख निवडून येणाऱ्या पदांशी जोडलेली आहे. १९७८ च्या त्या पंधरा विद्यार्थ्यांपासून वाढलेल्या मंडळीसमोर, संस्थापकाच्या पश्चात ते दहा लाख लोक एका आवाजाभोवती राहतील की आपापल्या शहरांतील पाळकांभोवती विखुरतील, हा प्रश्न अजून उभा आहे.